१९७१ साली ढाक्यापर्यंत गेलेले भारतीय सैन्य : कायदा काय म्हणतो, नीती काय म्हणते?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एका विषयावर चर्चा होते. या खेपेचा विषय होता, सार्वभौम देशात दुसऱ्या देशाने सैन्य घुसवणे कधी समर्थनीय ठरू शकते का. २००३ साली अमेरिकेने इराकवर आणि २०२२ साली रशियाने युक्रेनवर केलेल्या हल्ल्यांबाबत फारसा मतभेद झाला नाही. दोन्ही बेकायदा आणि दोन्ही अन्यायाचे, असे बहुतेकांनी सांगितले. मग स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले की, १९७१ साली भारताने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सैन्य पाठवले ते कोणत्या नियमाखाली? "ते वेगळे होते," असे चार-पाच जण एकदमच म्हणाले. वेगळे म्हणजे नेमके कसे, हे मात्र तिचे समाधान होईल अशा रीतीने कोणालाच सांगता आले नाही.

पुढच्या बैठकीत तिला नीट उत्तर मिळावे अशी माझी इच्छा आहे. बांगलादेशाच्या मुक्तीचा मलाही अभिमान वाटतो, पण अभिमान हा काही युक्तिवाद होत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेप्रमाणे ती कारवाई कायदेशीर होती का? आणि कायदेशीर नसली तरी नैतिक होती असे म्हणायचे झाले, तर तीच पळवाट उद्या एखाद्या बलाढ्य देशाला नाकारायची कशी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


संहिता

प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. आधी कायद्याचेच पाहू, कारण या विषयावर आपल्याकडे भावनेची चर्चा लवकर सुरू होते आणि कायद्यात काय लिहिले आहे ते पाहायचे राहून जाते.

सनदेच्या कलम २(४) नुसार कोणत्याही सदस्य राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही, तशी धमकीही द्यायची नाही. या मनाईला सनदेने दोनच अपवाद ठेवले आहेत. सुरक्षा परिषदेने सातव्या प्रकरणाखाली परवानगी दिली तर बळ वापरता येते, किंवा सशस्त्र हल्ला झाला असेल तर कलम ५१ खाली स्वसंरक्षण करता येते. शेजारच्या देशातले सरकार स्वतःच्याच नागरिकांची कत्तल करत असेल तर काय करायचे, याचे उत्तर या दोन अपवादांत नाही. १९४८चा वंशसंहारविरोधी करार भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही १९७१च्या बऱ्याच आधी मान्य केला होता आणि तो वंशसंहार रोखण्याची जबाबदारी सर्वांवर टाकतो. मात्र त्यासाठी एकट्याने सैन्य पाठवण्याचा अधिकार तो देत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ साली बोस्नियाच्या खटल्यात हेच स्पष्ट केले की, रोखण्यासाठी शक्य ते सारे करणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे, पण ते कायद्याच्या मर्यादेत राहून.

आता तारखांकडे येऊ. शाळेत शिकवला जाणारा क्रम असा की, ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध सुरू झाले. गोष्ट तेवढीच असती तर कलम ५१ पुरेसे होते. पण २० आणि २१ नोव्हेंबरला जेसोर भागातल्या गरीबपूर येथे भारतीय पायदळ आणि रणगाडे सीमेपलीकडे, पूर्व पाकिस्तानात लढत होते, आणि २२ नोव्हेंबरला बोयऱ्याच्या आकाशात दोन्ही हवाई दलांची झुंज झाली. त्याच्याही आधी कित्येक महिने बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला आपल्या भूमीवर प्रशिक्षण आणि शस्त्रे मिळत होती. दुसऱ्या देशात घुसण्यासाठी अनियमित फौजा उभारू नयेत आणि त्यांना उत्तेजनही देऊ नये, असे बजावणारे राष्ट्रांमधील मैत्रीसंबंधांविषयीचे घोषणापत्र संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २४ ऑक्टोबर १९७० रोजी, म्हणजे मार्च १९७१ मधल्या ढाक्यातल्या हत्याकांडाच्या पाच महिने आधीच संमत केले होते. पुढे १९८६ साली निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला दोषी धरले ते याच मुद्द्यावर. तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना शस्त्रे आणि प्रशिक्षण देणे हा हस्तक्षेपबंदीचा भंग आहे, आणि मानवी हक्क पाळले जावेत म्हणून बळाचा वापर करणे हा योग्य मार्ग नव्हे, असे त्या निकालात म्हटले आहे. हा निकाल आपण अमेरिकेच्या विरोधात उत्साहाने सांगतो. तोच मापदंड मुक्तिवाहिनीला लावला तर आपली बाजू अवघड होते, हे मान्य केले पाहिजे.

भारताने त्या वेळी आणखी दोन युक्तिवाद केले. संयुक्त राष्ट्रसंघातले आपले प्रतिनिधी समर सेन यांनी सुरक्षा परिषदेत मांडले की, एका राष्ट्राने आपल्या अत्याचारांनी लाखो माणसे दुसऱ्या राष्ट्रात ढकलणे हेही एक प्रकारचे आक्रमणच आहे. हा विचार मला अतिशय गंभीर वाटतो, पण सशस्त्र हल्ल्याच्या व्याख्येत तो तेव्हाही बसला नाही आणि नंतरही कोणी तो बसवून घेतलेला नाही. दुसरा युक्तिवाद बांगलादेशाच्या हंगामी सरकारच्या विनंतीचा. ६ डिसेंबरला आपण त्या सरकारला मान्यता दिली. मात्र ज्या सरकारचा अजून राजधानीवर ताबा नाही, त्याला मान्यता देऊन मग त्याच्याच निमंत्रणावरून सैन्य आत नेणे, या क्रमाकडे कायद्याचे अभ्यासक संशयाने पाहतात, आणि त्या संशयाला कारण आहे.

जगाने काय म्हटले तेही पाहावे. सुरक्षा परिषदेतले ठराव सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे अडले, म्हणून विषय आमसभेत गेला. ७ डिसेंबरला युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. १० राष्ट्रे तटस्थ राहिली. विरोधातल्या ११ मतांत आपण, भूतान आणि सोव्हिएत गटातले देश, एवढेच होतो. ज्या अलिप्त राष्ट्रांच्या बरोबरीने आपण बसत होतो, त्यांतल्या बहुतेकांनी त्या दिवशी आपल्या विरोधात हात वर केला.

तेव्हा माझे मत असे की, ३ डिसेंबरपूर्वीची कारवाई सनदेच्या शब्दांत बसत नाही. ३ डिसेंबरनंतर स्वसंरक्षणाचा आधार पक्का आहे. पश्चिमेतल्या विमानतळांवरच्या हल्ल्याला उत्तर म्हणून पूर्वेची राजधानी जिंकणे प्रमाणात होते का, हा वाद तरीही उरतो, आणि तो दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मांडता येतो.


पूर्वरंग

संहिता यांनी कायद्याची बाजू नेटकी मांडली आहे, पण त्यांच्या मांडणीतले एक गृहीतक मला मान्य नाही. सार्वभौमत्व म्हणजे पाकिस्तानातल्या याह्या खान यांच्या लष्करी राजवटीचे सार्वभौमत्व, असे त्यांनी न सांगता धरले आहे.

डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. राष्ट्रीय विधिमंडळाच्या ३०० सर्वसाधारण जागांपैकी पूर्व पाकिस्तानच्या वाट्याला १६२ होत्या आणि त्यांतल्या १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. म्हणजे मुजीबुर हे केवळ एका प्रांताचे पुढारी राहिले नव्हते. अख्ख्या पाकिस्तानच्या विधिमंडळात त्यांना स्पष्ट बहुमत होते. १ मार्च १९७१ रोजी याह्या खान यांनी विधिमंडळाची बैठक बेमुदत पुढे ढकलली, आणि २५ मार्चच्या रात्री सैन्याने ढाक्यात राजारबागची पोलीस वसाहत, ढाका विद्यापीठ आणि तिथले हिंदू विद्यार्थ्यांचे जगन्नाथ हॉल यांवर हल्ला चढवला. बहुमताने निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकून त्यांच्या मतदारांवर रणगाडे घालणाऱ्याला सार्वभौम म्हणायचे, आणि त्या मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आंब्याच्या बागेत शपथ घेऊन स्थापन केलेल्या सरकारला बंडखोर म्हणायचे, हे कायद्याच्या कोणत्या तत्त्वात बसते? सनदेच्या पहिल्याच कलमात लोकांच्या स्वयंनिर्णयाचा उल्लेख आहे, तो काही शोभेसाठी केलेला नाही.

जगाला कळले नव्हते, असेही नाही. अमेरिकेचे ढाक्यातले वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी ६ एप्रिललाच वॉशिंग्टनला निषेधाची तार पाठवली आणि आपल्याच सरकारच्या धोरणाला नैतिक दिवाळखोरी म्हटले. धोरण बदलले नाही, कारण त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर याह्या खान यांच्यामार्फत चीनशी संधान बांधत होते. संहिता यांनी आमसभेतल्या १०४ मतांचा दाखला दिला आहे. मार्चपासून डिसेंबरपर्यंत त्याच आमसभेने आणि सुरक्षा परिषदेने ही कत्तल थांबवण्यासाठी काय केले, हेही त्याच्या शेजारी लिहायला हवे होते. मदतकार्य झाले, ते मोलाचेही होते; पण मारणाऱ्याचा हात धरणारा एकही ठराव झाला नाही.

त्या महिन्यांत सीमेच्या अलीकडे काय चालले होते ते पाहा. जवळजवळ एक कोटी माणसे भारतात आली. कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेक परिसरात गटाराच्या कामासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत कुटुंबे राहत होती. नळाच्या एका तोंडाला चूल आणि दुसऱ्या तोंडाला पडदा, अशी छायाचित्रे जुन्या नियतकालिकांत आजही पाहायला मिळतात. पावसाळ्यात पटकीने छावण्यांत माणसे मेली. ज्यांच्या घरी जुनी पत्रे जपून ठेवलेली आहेत, त्यांनी नोव्हेंबर १९७१ नंतरची पाकिटे काढून पाहावीत. नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचे शरणार्थी सहायता तिकीट दिसेल. ते प्रत्येक पत्राला सक्तीने लावावे लागे. सांगली-साताऱ्याच्या माणसाने घरी खुशालीचे पत्र टाकले तरी त्यातले पाच पैसे त्या नळांत राहणाऱ्यांसाठी जात होते.

कृष्णाकाठ, आपल्या विद्यार्थिनीला मी सांगेन की, कारवाईची नीती तपासायची तर तिच्या आधी काय झाले आणि तिच्या नंतर काय झाले, या दोन्हींकडे पाहावे. आधी आठ महिने गेले होते, आणि त्या काळात इंदिरा गांधी युरोपातल्या राजधान्यांत आणि वॉशिंग्टनमध्ये स्वतः जाऊन आल्या होत्या. नंतर काय झाले? १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि दुसऱ्याच दिवशी, पश्चिम आघाडीवर आपले पारडे जड असताना, भारताने एकतर्फी युद्धबंदी केली. मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून परतले. तिथे आपण ना तळ ठेवला, ना आपला राज्यपाल नेमला, ना एक बिघा जमीन घेतली. जिंकलेला प्रदेश तीन महिन्यांत सोडून आलेली सैन्ये इतिहासात किती आहेत?

पाकिस्तान दुभंगण्यात भारताचा स्वार्थ होता, हे मी नाकारत नाही. स्वार्थ होता म्हणून वाचलेल्या माणसाचे वाचणे खोटे ठरत नाही.


मांडवीतीर

मी गोव्याचा आहे, म्हणून १९६१चा संदर्भ इथे आणतो. तो अवांतर नाही, कारण कायद्याचा हाच पेच आपल्यापुढे दहा वर्षे आधी एकदा येऊन गेला होता.

१८ डिसेंबर १९६१ रोजी, आपले सैन्य गोव्यात शिरलेले असतानाच, सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा आणि माघारीचा ठराव आला. त्याच्या बाजूने ७ आणि विरोधात ४ मते पडली, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. भारताचे म्हणणे असे होते की गोवा ही पोर्तुगालची भूमी कधी नव्हतीच, ती वसाहत होती, आणि १९६०च्या डिसेंबरात आमसभेने वसाहती संपवण्याचा जो जाहीरनामा काढला त्यानंतर वसाहतीला सनदेच्या कलम २(४)चे संरक्षण मागता येत नाही. त्या चार विरोधी मतांत सोव्हिएत संघाबरोबर सिलोन (श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त) होते, म्हणजे आशिया-आफ्रिकेतली नव्याने बोलू लागलेली राष्ट्रे या युक्तिवादामागे उभी राहिली. दहा वर्षांनी तशाच राष्ट्रांनी बांगलादेशाच्या वेळी पाठ फिरवली. कारण उघड आहे. वसाहतवाल्याला हाकलणे त्यांना हवे होते. पण नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाचा एखादा प्रांत शेजाऱ्याच्या मदतीने फुटून निघू शकतो, या कल्पनेने त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला. १९७०च्या जानेवारीत नायजेरियातून फुटून निघू पाहणाऱ्या बियाफ्राचे युद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती.

म्हणून गोव्याचा दाखला १९७१ला लावताना जपून लावावा. गोव्यात ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली, शेकडो जण तुरुंगात सडले. तरी आपण १९६१ची कारवाई कत्तल थांबवण्यासाठी केली असे कधी म्हटले नाही. तिचा पाया वसाहतवादाचा अंत हाच होता. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तिथली हुकूमशाही १९७४ साली कोसळल्यावर. भारतात यायचे की नाही, हे गोंयकारांना मतपेटीतून थेट कधी विचारले गेले नाही, ही टीका परदेशी लेखक आजही करतात. १९६३च्या निवडणुकीतल्या आणि १९६७च्या जनमत कौलातल्या भरघोस मतदानाने त्या टीकेला उत्तर दिले असे माझे मत आहे, पण तो प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणून गप्प बसवू नये.


निरीक्षक

पूर्वरंग यांचा प्रतिसाद वाचून मन हेलावले, तरीही मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. कारवाईनंतर काय झाले याचा त्यांनी दिलेला हिशेब अर्धाच आहे.

शरणागतीनंतर ढाका, खुलना आणि इतरत्र पाकिस्तानच्या बाजूच्या मानल्या गेलेल्या उर्दू भाषक बिहारींच्या वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. भारतीय सैन्याने पुष्कळ ठिकाणी त्यांना संरक्षण दिले, हे खरे. पण सैन्य परतल्यावर ती माणसे उघडी पडली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या छावण्यांत राहिली. लवकर माघार घेणे हा गुण आहे, असे आपण म्हणतो तेव्हा त्या माघारीची किंमत कोणी चुकवली हेही पाहावे लागते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सुमारे ९३,००० युद्धबंद्यांपैकी १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे आणि वंशसंहाराचे खटले चालवायचे बांगलादेशाने ठरवले होते. पाकिस्तानने मे १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन सांगितले की, वंशसंहाराच्या करारानुसार त्यांच्यावर खटला चालवण्याचा अधिकार आपलाच आहे. मग त्याच वर्षी तो दावा मागे घेतला. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला आणि ते १९५ जणही पाकिस्तानात परत गेले. खटला कोणावरच चालला नाही. राजकारणाची गरज मला समजते. बांगलादेशाला पाकिस्तानची मान्यता हवी होती, पाकिस्तानात अडकलेले बंगाली परत हवे होते, भारताला उपखंडात शांतता हवी होती. पण ज्या गुन्ह्यांच्या नावाने सैन्य आत गेले, त्या गुन्ह्यांचा निवाडा करण्याची वेळ आली तेव्हा ते सौद्यात सोडून दिले गेले. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. बांगलादेश ३० लाख म्हणतो, अनेक अभ्यासकांचे अंदाज त्याहून बरेच कमी आहेत. न्यायालयात पुरावे नोंदले गेले असते तर त्या वादाला पुष्कळ आळा बसला असता.

आता पळवाटेबद्दल. २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामने कंबोडियावर चढाई केली आणि दोन आठवड्यांत पोल पॉटची राजवट उलथवली. त्या राजवटीइतकी क्रूर राजवट क्वचितच झाली असेल. ती संपली हे मानवतेवरचे उपकारच होते. पण व्हिएतनामी सैन्य तिथे १९८९ पर्यंत राहिले. आणि संयुक्त राष्ट्रसंघातली कंबोडियाची जागा? ती हाकलून दिलेल्या ख्मेर रूजकडेच, म्हणजे पोल पॉटच्याच गटाकडे, वर्षानुवर्षे राहिली. १९९९ साली नाटोने सुरक्षा परिषदेला वळसा घालून युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली, ती कोसोव्होतल्या अल्बेनियन लोकांच्या रक्षणासाठी होती असे सांगितले गेले; पुढे एका स्वतंत्र आयोगाने तिला बेकायदा पण समर्थनीय ठरवले. २०११ साली लिबियात परिषदेची परवानगी होती, पण ती नागरिकांच्या रक्षणापुरती. शेवट तिथला हुकूमशहा गद्दाफी याची सत्ता उलथण्यात आणि देश मोडण्यात झाला. आणि २०२२ साली रशियाने पूर्व युक्रेनच्या डोनबासमधल्या कथित वंशसंहाराचे कारण पुढे केले, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ मार्चच्या अंतरिम आदेशात म्हटले की, वंशसंहारविरोधी करार दुसऱ्या देशात एकतर्फी बळ वापरण्याची मुभा देतो हे शंकास्पद आहे. प्रत्येक वेळी हेच दार, आणि आत शिरणारा प्रत्येक वेळी बळकटच. गरीब, दुबळ्या राष्ट्राने एखाद्या महासत्तेतल्या अल्पसंख्याकांना वाचवायला सैन्य पाठवल्याचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

भारताचे नंतरचे वर्तनही बोलके आहे. कोसोव्होवरची बॉम्बफेक थांबवावी, असा रशियाने मार्च १९९९ मध्ये आणलेला ठराव आपण सहपुरस्कृत केला होता. लिबियाच्या वेळी आपण परिषदेवर होतो आणि तटस्थ राहिलो. १९७१चा नियम करावा, असे खुद्द भारतानेच कधी म्हटलेले नाही. माझ्या मते ते शहाणपणाचे आहे.


पूर्वरंग

निरीक्षक, १९५ जणांबद्दल आपण लिहिलेत ते मला पूर्ण मान्य आहे, आणि बिहारींबद्दलही. परंतु आपल्या यादीत एक नाव राहिले आहे. १९९४ साली रुआंडात सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सी मारले गेले. कत्तल सुरू असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने तिथले शांतिसैनिक वाढवण्याऐवजी २७० पर्यंत कमी करण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी सनदेचा कोणताही भंग झाला नाही. सगळे नियमाप्रमाणे झाले आणि माणसे कोयत्यांनी कापली गेली. बळकटांच्या हाती दार लागेल या भीतीने ते कायमचे बंद करायचे असेल, तर आत अडकलेल्यांना काय उत्तर द्यायचे, हेही आपणच सांगावे लागेल.


कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. अपेक्षेपेक्षा खूप अधिक मिळाले. संहिता यांना एकच पुढचा प्रश्न विचारतो, कारण ती विद्यार्थिनी तो नक्की विचारेल. समजा ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ला केलाच नसता आणि भारतानेच काही दिवसांनी पूर्ण आक्रमण केले असते, तर आपले मत काय असते?


संहिता

प्रश्न नुसता काल्पनिक नाही, कारण आपली तयारी झालेली होती आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद होऊन चीनचा धोका कमी होण्याची वाटही पाहिली जात होती. ३ डिसेंबरच्या हल्ल्याने पाकिस्तानने आपल्याला कलम ५१चा आधार स्वतःहून आणून दिला. तो मिळाला नसता तर कायद्याने आपण चुकीच्या बाजूला असतो, आणि निर्वासितांना आक्रमण ठरवणाऱ्या युक्तिवादावर सारी भिस्त ठेवावी लागली असती. तो युक्तिवाद एखाद्या न्यायालयात टिकला असता असे मला वाटत नाही.

तरीही ती कारवाई व्हायला हवी होती, असेच मी म्हटले असते. पूर्वरंग यांनी मांडलेला निवडणुकीचा मुद्दा यात निर्णायक आहे आणि निरीक्षक यांच्या बाकी सर्व उदाहरणांपासून १९७१ला वेगळे करणारा तोच आहे. बॉम्ब टाकून बाहेरून आणलेले सरकार आणि आधीच मतपेटीतून निवडून आलेले, परंतु तुरुंगात टाकलेले किंवा परागंदा झालेले सरकार, यांत मूलभूत फरक आहे. इराकमध्ये असे काही नव्हते, कंबोडियात नव्हते, लिबियात नव्हते. कोसोव्होत अर्धवट होते. पूर्व बंगालमध्ये १६२ पैकी १६० जागांचा लेखी, मोजलेला कौल होता आणि तो मारणाऱ्यांच्याच निवडणूक आयोगाने जाहीर केलेला होता. लोकांना काय हवे आहे, हे भारताला गृहीत धरावे लागले नाही.

रुआंडाचा प्रश्न पूर्वरंग यांनी निरीक्षक यांना विचारला आहे, पण तो मलाही लागू आहे. माझे उत्तर असे की, नियम जसा आहे तसाच कडक राहू द्यावा आणि जो तो मोडेल त्याने आपण मोडला हे मान्य करून जगापुढे जाब द्यायला उभे राहावे. आधी कोणते मार्ग वापरून पाहिले, किती काळ वाट पाहिली, आत गेल्यावर कोणाला सत्तेवर बसवले, केव्हा परतलो, गुन्हेगारांचे काय केले, या प्रत्येकाचा हिशेब त्याच्याकडून मागता आला पाहिजे. भारताने १९७१ मध्ये यातल्या बहुतेक गोष्टींचा जो हिशेब दिला, तो इतर कोणत्याही उदाहरणापेक्षा चांगला आहे. १९५ जणांच्या बाबतीत तो देता आलेला नाही. २००५ साली जागतिक शिखर परिषदेत राष्ट्रांनी संरक्षणाची जबाबदारी हे तत्त्व स्वीकारले, तेव्हाही बळ वापरण्याचा निर्णय सुरक्षा परिषदेकडेच ठेवला. त्यामुळे उद्या एखादा पूर्व बंगाल पुन्हा घडला आणि परिषदेत नकाराधिकार वापरला गेला, तर कायदा आजही १९७१ इतकाच गप्प असेल.

विद्यार्थिनीला वाचायला द्यायचेच असेल तर सनदेचे पहिले, दुसरे आणि एक्कावन्नावे कलम आणि १९८६च्या निकाराग्वा निकालातला हस्तक्षेपाविषयीचा भाग द्यावा. त्यानंतर तिने ३१ मार्च १९७१ रोजी आपल्या संसदेने एकमताने केलेला ठराव वाचावा. पूर्व बंगालच्या जनतेला सहानुभूती आणि पाठिंब्याची ग्वाही त्यात दिली आहे. सैन्य पाठवण्याचा शब्द त्यात नाही. त्या ठरावापासून गरीबपूरपर्यंतच्या आठ महिन्यांत सरकारने काय काय करून पाहिले, याची टिपणे तिने स्वतः काढली, तर पुढच्या बैठकीत तिचे म्हणणे आम्हा सर्वांपेक्षा अधिक नेमके असेल. ते तिने इथेही जरूर लिहावे.